कॉम्प्युटरचं वाचन

‘कावळ्यासारखे पक्षी वस्तीजवळ राहतात.’ ज्यानं कावळा कधी पाहिलेला नाही, त्यालाही हे वाक्य वाचून कावळा म्हणजे पक्षी हे कळतं. ‘सारखे’ हा शब्द ते काम करतो. इंग्रजी मजकुरातले असे साचे हेरून त्यांतून कुठली गोष्ट कुठल्या प्रकारात मोडते हे कॉम्प्युटरला ओळखता येतं, असं संशोधक मार्टी हर्स्ट यांनी १९९२ मध्ये दाखवलं.

पण साचे माणसानंच का शोधून द्यायचे? गूगलच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये कॉम्प्युटरला फक्त पाच पुस्तकांची नावं आणि त्यांचे लेखक दिले. या जोड्या इंटरनेटवर जिथं जिथं आढळल्या, तिथली आजूबाजूची शब्दरचना त्यानं टिपून घेतली. त्या रचनेवरून नव्या जोड्या मिळाल्या, नव्या जोड्यांवरून आणखी रचना. पाचाची यादी पंधरा हजारांच्या वर गेली! मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. लहान मूलही थोडंफार असंच शिकतं, ओळखीच्या शब्दाचा हात धरून अनोळखी शब्दापर्यंत.

धोका मात्र याच साखळीत आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटानं जानेवारी २०१० मध्ये ‘नेल’ नावाची प्रणाली सुरू केली. रात्रंदिवस इंटरनेटवरचा मजकूर वाचायचा आणि शिकत राहायचं, एवढंच तिचं काम. ‘इंटरनेट कुकीज’ हे शब्द तिच्या वाचनात आले. वेबसाइट आपल्या कॉम्प्युटरवर ज्या छोट्या नोंदी ठेवते, त्या या कुकीज. पण कुकी म्हणजे बिस्किटासारखा खाऊही, म्हणून तिनं त्यांना भट्टीत भाजलेल्या पदार्थांत टाकलं. पुढे ‘मी माझ्या कुकीज डिलीट केल्या’ असं वाक्य आलं. फाइल्सही लोक डिलीट करतातच, मग कॉम्प्युटरच्या फाइल्सही खाऊच्या यादीत गेल्या. शेवटी माणसांनी मूळ चूक दुरुस्त केली आणि तो धडा पुन्हा सुरू केला.

अशा चुका पसरू नयेत म्हणून ‘नेल’ शेकडो प्रकार एकत्रच शिकत असे. प्राणी आणि शहर हे वेगळे प्रकार आहेत, हे तिला आधीच सांगितलेलं. त्यामुळे एखाद्या शहराच्या नावाला प्राणी ठरवू पाहणारा साचा तिथल्या तिथे संशयित ठरे. एका प्रकाराचं ज्ञान दुसऱ्यावर पहारा ठेवी.

मराठी वाचायला बसलेल्या कॉम्प्युटरपुढे आणखी एक अडचण येते. ‘कावळ्यासारखे’ मधून ‘सारखे’ काढलं, की उरतं ‘कावळ्या’. त्याचा ‘कावळा’ होतो हे त्याला कळायला हवं. ‘भावासारखा’ मधून तर ‘भाऊ’ काढायचाय! त्याहून नाजूक गोष्ट ‘माशांसारखे’ आणि ‘माश्यांसारखे’ यांची. पहिल्यात पाण्यातला मासा, दुसऱ्यात घोंघावणारी माशी. लिहिताना अनेकांची इथं गल्लत होते. तेव्हा फक्त अक्षरांवर विसंबून चालत नाही. शेजारी पाणी, कल्ले, जाळं असे शब्द आहेत, की पंख आणि घाण, हे बघूनच कुठला जीव ते ठरवावं लागतं.