संसदीय समित्यांवरील सदस्यांची नेमणूक

भारतीय संसदेच्या समित्यांवर खासदारांची नेमणूक दोन मार्गांनी होते : सभागृहाने केलेली निवडणूक किंवा पीठासीन अधिकाऱ्याने (लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती) केलेले नामनिर्देशन. नियमांत एवढेच लिहिलेले आहे. प्रत्यक्षात नावे ठरतात ती पक्षाच्या नेत्याने किंवा मुख्य प्रतोदाने पाठवलेल्या यादीत.

निवडणूक होते ती प्रामुख्याने तीन अर्थविषयक समित्यांसाठी. लोकलेखा समिती आणि सार्वजनिक उपक्रम समिती यांवर प्रत्येकी 22 सदस्य (लोकसभेचे 15, राज्यसभेचे 7) असतात. अंदाज समितीचे 30 सदस्य मात्र केवळ लोकसभेचे. मतदान एकल संक्रमणीय मतपद्धतीने (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो), प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वावर व्हायचे असते. पण पक्ष आपल्या वाट्याइतकीच नावे देतात, त्यामुळे निवड बहुधा बिनविरोध होते. मंत्री या समित्यांवर राहू शकत नाही. ज्याच्या खर्चाची तपासणी करायची, तोच तपासणीला बसणार कसा?

मंत्रालयांशी संलग्न स्थायी समित्या 1993 साली सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते. आरंभी त्या 17 होत्या. 2004 मध्ये 24 झाल्या. प्रत्येकीत 31 सदस्य : 21 लोकसभा अध्यक्षांनी आणि 10 राज्यसभा सभापतींनी नेमलेले. यांवरही मंत्र्यांना जागा नाही. एकूण जागा होतात 744, म्हणजे खासदारामागे जवळपास एक. लोकसभेच्या 543 जागांना 21 ने भागले की साधारण 26 येतात. एवढे खासदार असलेल्या पक्षाला प्रत्येक समितीत सरासरी एक जागा मिळते. खरी अडचण दोन-तीन खासदारांच्या पक्षांची. त्यांना कोणत्या समितीत बसवायचे, हे बरेचसे पीठासीन अधिकाऱ्यावर अवलंबून असते. खासदार आपली पसंती कळवतात. अर्थ, गृह, संरक्षण यांसाठी चढाओढ असते. एखाद्या सदस्याचा समितीपुढील विषयात वैयक्तिक किंवा आर्थिक हितसंबंध असल्याचा आक्षेप आला, तर लोकसभेत त्याचा निर्णय अध्यक्ष देतात.

खरी रस्सीखेच समित्यांच्या अध्यक्षपदांवर चालते. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात 1967 मध्ये मिनू मसानींपासून पडला. तो नियम नव्हे, संकेत आहे, तरी टिकला. स्थायी समित्यांना असे कवच नाही. ऑक्टोबर 2022 च्या फेररचनेत काँग्रेसकडील गृह आणि माहिती तंत्रज्ञान समित्यांची अध्यक्षपदे गेली, तृणमूल काँग्रेसकडे एकही उरले नाही.

एखाद्या विधेयकासाठी किंवा विषयापुरत्या नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीचे गणित प्रत्येक वेळी नव्याने मांडले जाते, कारण ती दोन्ही सभागृहांच्या ठरावाने बनते आणि तिची सदस्यसंख्या ठरलेली नसते. 2024 मध्ये वक्फ विधेयकासाठी 31, तर एकत्रित निवडणुकांच्या विधेयकांसाठी 39 सदस्य घेतले गेले.

महाराष्ट्र विधिमंडळातही लोकलेखा, अंदाज, आश्वासन यांसारख्या समित्या आहेत. ग्रामीण भागात सर्वांत परिचित मात्र पंचायती राज समिती : ती दौऱ्यावर येणार म्हटले की जिल्हा परिषदेत जुन्या फायलींवरची धूळ झटकली जाते.