धूलिकणांची मोजणी डोंगरमाथ्यावर कशी पोहोचली

एरोसोल, म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण, मोजण्यासाठी वातावरणशास्त्रज्ञ डोंगरमाथ्यावर ठाण मांडतात. या पद्धतीचा माग काढत गेले की आपण स्कॉटलंडमधील फॉलकर्क गावी, जॉन एटकेन यांच्या घरातल्या प्रयोगशाळेत पोहोचतो. १८३९ साली जन्मलेल्या एटकेन यांनी जहाजांच्या अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते. पण प्रकृतीने साथ न दिल्याने तो व्यवसाय सुटला आणि विद्यापीठातील कोणत्याही पदाविना, स्वतः घडवलेल्या उपकरणांच्या आधारे त्यांनी आयुष्यभर संशोधन केले.

१८८० साली त्यांनी दोन काचपात्रांत वाफ सोडली. साधी हवा असलेल्या पात्रात दाट धुके भरले, तर कापसातून गाळलेली हवा असलेले पात्र स्वच्छच राहिले. बाष्पाला थेंब होण्यासाठी कणाचा आधार लागतो, हे यातून दिसले. फ्रान्समध्ये कूलिए यांनी १८७५ मध्येच हे नोंदवले होते, त्यामुळे पहिलेपणाचा मान त्यांचा आहे; मात्र धूळ नसेल तर धुके नाही आणि ढगही नाही, हा अर्थ एटकेन यांनी ठामपणे मांडला.

त्यांचे खरे मोठे काम मात्र मोजणीचे, असे मला वाटते. पात्रातली दमट हवा पंपाने एकदम प्रसरण पावू दिली की ती थंड होते आणि प्रत्येक कणाभोवती थेंब धरतो. हे थेंब चौकोन आखलेल्या चकचकीत पट्टीवर पडले की भिंगातून एकेक मोजायचे. हे उपकरण घेऊन ते स्वित्झर्लंडमधील रिगी पर्वतावर गेले, आणि वारा वस्तीकडून येतो की निर्जन भागातून, यावर कणांची संख्या कशी बदलते हे त्यांनी टिपले. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस पर्वताच्या १,३४५ मीटर उंच शिखरावर १८८३ पासून वेधशाळा होती. तिथेही त्यांचे मोजयंत्र बसवण्यात आले.

त्याच शिखरावर सप्टेंबर १८९४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी ढगांवर पडलेल्या सावल्यांभोवती रंगीत वलये पाहिली. ती प्रयोगशाळेत उभी करण्याच्या ध्यासातून त्यांचे मेघपात्र, म्हणजे विद्युतभारित कणांचे मार्ग थेंबांच्या रेषांतून दाखवणारे उपकरण, घडले आणि १९२७ चे नोबेल पारितोषिक त्यांच्याकडे आले. वेधशाळा मात्र पैशाअभावी १९०४ साली बंद पडली.

पुढे १९३१ मध्ये स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख या उंच खिंडीत संशोधन केंद्र उभे राहिले. उन्हाने तापलेली दरीतली हवा दुपारी माथ्यापर्यंत चढते आणि रात्री वरची स्वच्छ हवा उतरते, म्हणून अशा केंद्रांवर दोन्ही वेळच्या नोंदी आजही वेगळ्या काढून वाचाव्या लागतात.