क्लच प्लेटसाठी ट्रॅक्टरचे दोन भाग

छोट्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट दोन तळहातांवर सहज मावते, पण ती बदलायची झाली की अख्खा ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. ट्रकचे इंजिन आणि गिअरबॉक्स एका चासीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, बसवलेले असतात, त्यामुळे गिअरबॉक्स खाली उतरवला की क्लच हाती लागतो. बहुतेक ट्रॅक्टरांना अशी चासी नसते. १९१७ साली मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरात इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल यांची ओतीव लोखंडाची कवचेच एकमेकांना बोल्टने जोडून यंत्राचा कणा तयार केलेला होता, आणि आजही ट्रॅक्टरची बांधणी मुख्यतः तशीच होते. क्लच असतो तो नेमका या कण्याच्या सांध्यात. सुटा भाग लहान आणि त्यासाठीची खोलाखोल प्रचंड, अशी ही विषम गोष्ट असल्यामुळे या कामात खरी कसोटी प्लेट बसवण्याची नसून जुनी प्लेट का गेली हे ओळखण्याची असते. कारण तसेच आत राहिले, तर नवी प्लेटही त्याच मार्गाने जाते.

क्लचची रचना तशी साधी आहे. इंजिनाच्या टोकाला जड फ्लायव्हील फिरत असते, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर दोन्ही बाजूंनी लायनिंग, म्हणजे घर्षणाने पकड धरणारे अस्तर, लावलेली प्लेट असते आणि प्रेशर प्लेट आपल्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या, म्हणजे मध्याकडे बोटांसारख्या पट्ट्या असलेल्या बशीसारख्या स्प्रिंगच्या, जोरावर तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग स्प्रिंगची बोटे आत ढकलते, दाब निघतो आणि प्लेट मोकळी होते. इंजिनाची सगळी ताकद चाकांपर्यंत जाते ती केवळ घर्षणाच्या भरवशावर. मध्ये दाते नाहीत, साखळी नाही.

हा भरवसा किती असतो, ते आकड्यांत पाहू. समजा, प्लेटच्या लायनिंगचा बाहेरचा व्यास २२ सेंटिमीटर आणि आतला १४ सेंटिमीटर आहे. म्हणजे सरासरी त्रिज्या ९ सेंटिमीटर झाली. स्प्रिंगचा दाब ३,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाएवढा धरला आणि घर्षणांक ०.३ मानला, तर दोन पृष्ठभाग मिळून ही प्लेट सुमारे १६२ न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे टॉर्क, पेलू शकते. २५ अश्वशक्तीचे इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर पूर्ण ताकदीने चालत असताना जवळपास ७१ न्यूटन-मीटर पीळ देते. म्हणजे क्षमता गरजेच्या दुपटीहून अधिक आहे. आता त्याच प्लेटवर इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपू लागले आणि घर्षणांक ०.१ वर आला असे समजा. क्षमता ५४ न्यूटन-मीटरवर येते आणि लायनिंग नवेकोरे असले तरी नांगर जमिनीत उतरताच क्लच घसरू लागतो. अशा ट्रॅक्टरला नुसती नवी प्लेट घालणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी चटई अंथरणे.

इथे एक गंमत नोंदवण्यासारखी आहे. घर्षणाचे बल स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे आमोंताँ या फ्रेंच संशोधकाने १६९९ साली मांडले होते. मग रुंद लायनिंग कशासाठी? पकड वाढते ती त्रिज्या मोठी असल्यामुळे. रुंदीचा उपयोग झीज आणि उष्णता अधिक जागेवर वाटली जावी यासाठी होतो, आणि क्लचचा खरा शत्रू उष्णताच आहे. ट्रॅक्टर भार ओढत जागेवरून निघताना, किंवा चालक सवयीने पाय पेडलवर ठेवून अर्ध्या क्लचवर काम करताना, प्लेट आणि फ्लायव्हील वेगवेगळ्या गतीने फिरत एकमेकांवर घासत असतात. चाके थांबलेली आहेत, इंजिन १,९०० फेऱ्यांवर आहे आणि क्लचमधून ७० न्यूटन-मीटर पीळ जातो आहे, असे धरले तर त्या क्षणी तिथे सुमारे १४ किलोवॅट उष्णता निर्माण होते. क्लचच्या बंद हाऊसिंगमध्ये, म्हणजे कवचात, दोन-दोन किलोवॅटच्या सात विजेच्या शेगड्या पेटवण्यासारखेच हे आहे. लायनिंगमधील तंतू धरून ठेवणारे राळेसारखे द्रव्य तापून वर येते, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि तो ओळखीचा जळका वास सुटतो. प्रेशर प्लेटवर किंवा फ्लायव्हीलवर निळसर डाग दिसले, तर ती जागा ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापली होती असे समजावे.

ट्रॅक्टर खोलण्यापूर्वी मात्र दहा मिनिटे पेडलजवळ घालवावीत. पेडल दाबताना सुरुवातीला जो मोकळेपणा जाणवतो, ज्याला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात, तो लायनिंग झिजेल तसा कमी होत जातो. झिजलेल्या वस्तूत ढिलेपणा वाढावा असे आपल्याला वाटते, पण इथे उलटे घडते. लायनिंग पातळ झाले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि स्प्रिंगची आतली बोटे तरफेप्रमाणे मागे, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे येतात. प्ले पूर्ण संपला की बेअरिंग बोटांना सतत टेकून राहते, दाब थोडा सुटतो आणि क्लच घसरतो. लायनिंग शिल्लक असेल, तर पेडलला जोडलेला रॉड नुसता फिरवून प्ले पुन्हा दिल्याने काम भागते. याउलट, बरेच महिने ओलसर जागी उभ्या असलेल्या ट्रॅक्टरचा क्लच सुटतच नसेल, तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असण्याची शक्यता मोठी असते.

खोलायचे ठरले की आधी बॅटरीची ऋण वायर काढतात. मग डिझेलच्या नळ्या, वायरिंग, हायड्रॉलिकचे पाइप, स्टिअरिंगचे दांडे आणि चारचाकी ओढ असेल तर पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा शाफ्ट. प्रत्येक नळीवर खूण केलेली बरी. यातले एक पाऊल जीवावरचे आहे. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका खिळीवर झुलता बसवलेला असतो, जेणेकरून उंचसखल रानात चारही चाके जमिनीला टेकावीत. जोवर ट्रॅक्टर अखंड आहे तोवर मागची चाके त्याला सरळ धरतात. सांधा सुटताच मात्र इंजिनाचा भाग त्या खिळीवर फिरून एका कुशीवर कलंडू शकतो. म्हणून बोल्ट ढिले करण्यापूर्वी अ‍ॅक्सल आणि त्याच्या आधाराच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट ठोकतात. दोन्ही भागांखाली भक्कम घोडी लावतात, कारण जॅक उचलण्यासाठी असतो, भार पेलून राहण्यासाठी नव्हे. मग मागची चाके अडवून पुढचा भाग चाकांच्या घोडीवर हळूहळू दूर सरकवला जातो.

आतली धूळ हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि नव्या लायनिंगची धूळही फुप्फुसांत जाऊ देऊ नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.३ मिलिमीटर खोल उरली असतील, तर प्लेटचे आयुष्य संपले आहे. ती रिव्हेटपर्यंत घासली असेल, तर फ्लायव्हीलवर गोल चरे पडलेले दिसतात आणि ते मशीनवर घासून सपाट करावे लागते. प्लेटच्या मध्यभागी असलेल्या लहान स्प्रिंगाही हलवून पाहाव्यात. तीन सिलिंडरच्या इंजिनात दर २४० अंशांनी एक स्फोट होतो आणि प्रत्येक झटका या स्प्रिंगा गिळतात. त्या ढिल्या झाल्या की गिअरबॉक्स खडखडू लागतो. रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (शाफ्टचे पुढचे टोक धरणारे) आणि ऑइल सील याच वेळी बदलणे हा शहाणपणाचा खर्च आहे, कारण पुन्हा इथवर पोहोचण्याची मजुरी या तिन्ही वस्तूंहून महाग पडते.

नवी प्लेट बसवताना तिची फ्लायव्हीलकडची बाजू नीट पाहावी लागते, कारण उलटी बसलेली प्लेट ट्रॅक्टर जोडून झाल्यावरच बोलते. प्लेट केंद्रावर धरण्यासाठी शाफ्टच्या मापाची डमी दांडी वापरतात आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळतात. एकच बाजू आधी आवळली तर कव्हर वाकते आणि क्लच कधीच सारखा सुटत नाही. शाफ्टच्या स्प्लाइनला, म्हणजे प्लेट ज्यांवर बसते त्या लांबट खाचांना, ग्रीस बोट फिरवण्यापुरतेच लावावे, कारण जास्तीचे ग्रीस फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकले जाऊन नव्या लायनिंगवर पडते.

जोडणीत सर्वात जास्त लागतो तो धीर. दोन्ही भाग जवळ आणताना सांध्याची फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते मोजत राहावे आणि खाचा जुळेपर्यंत फ्लायव्हील हळूहळू फिरवावे. सगळे सरळ असेल तर शाफ्ट आपोआप आत जातो. शेवटची बोटभर फट उरली की बोल्टने ओढून घेण्याचा मोह होतो, आणि नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो किंवा हाऊसिंगला तडा जातो तो इथेच. फट मिटत नसेल, तर पुन्हा थोडे मागे घेऊन जुळणी तपासावी.

शेवटी पेडलला ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाचा प्ले देतात आणि सुरुवातीचे काही तास भारी काम टाळतात. नवे लायनिंग फ्लायव्हीलशी पूर्णपणे मिळून यायला वेळ लागतो; तोवर केवळ उंचवटेच टेकलेले असतात आणि सगळी उष्णता त्यांच्याच वाट्याला येते. ते उंचवटे झिजले की प्ले पुन्हा थोडा कमी होतो, म्हणून थोड्या दिवसांनी पट्टी घेऊन पेडलचे माप परत एकदा घ्यावे लागते.