वृषणाची दोन कामे आणि ती उमगण्याचा इतिहास

पाळीव जनावरांचे वृषण काढून टाकले की ती प्रजननाला निकामी होतात आणि स्वभावानेही मवाळ होतात, ही गोष्ट माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. या एका कृतीचे परिणाम मात्र दोन आहेत. एकीकडे संततीची शक्यता संपते, तर दुसरीकडे शरीराची ठेवण, आवाज, केसांची वाढ आणि वर्तन बदलते. दोन्ही परिणाम एकाच अवयवाला हात लावल्याने घडतात, म्हणून त्यांचे कारणही एकच असणार, असे मानणे स्वाभाविक होते. पुरुष प्रजननसंस्थेच्या अभ्यासाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, त्यांतला बराच काळ या एका समजुतीची गाठ सोडवण्यात गेला.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने दोन्ही परिणामांची बारकाईने नोंद केली होती. तरीही वीर्य वृषणात तयार होते, हे त्याला मान्य नव्हते. सापांना आणि माशांना वृषणे नसतात असा त्याचा समज होता, आणि ती नसतानाही त्यांना पिले होतात, तेव्हा वृषणे प्रजननाला अनिवार्य नाहीत, असे त्याचे अनुमान होते. मागावर विणताना उभे धागे ताणलेले राहावेत म्हणून खाली वजने बांधतात, तशी वृषणे ही वीर्यवाहक नलिका ताणून धरणारी वजने आहेत, असे त्याने लिहिले. वजन काढले की हृदयापर्यंतचा ताण सैल पडतो आणि म्हणून आवाज बदलतो, असे स्पष्टीकरणही त्याने दिले. ते आज विचित्र वाटते, पण त्यामागचा प्रश्न अगदी योग्य होता: खाली असलेल्या अवयवाचा परिणाम दूरच्या कंठावर कसा होतो? त्याची आणखी एक नोंद विशेष आहे. नुकत्याच खच्ची केलेल्या बैलाकडून गाय गाभण राहिल्याचे तो सांगतो. यात अशक्य काही नाही, कारण तयार शुक्रजंतू वृषणाच्या पुढच्या नलिकांमध्ये साठून असतात. नसबंदीनंतर काही आठवडे दुसरे गर्भनिरोधक साधन वापरायला सांगतात आणि वीर्याची तपासणी झाल्यावरच शस्त्रक्रिया यशस्वी मानतात, त्याचे कारण हेच आहे.

ॲलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास मानवी शवांचे विच्छेदन करणाऱ्या हिरोफिलसने वृषणाच्या मागे चिकटलेल्या अधिवृषणाचे वर्णन केले. दुसऱ्या शतकातील गॅलेनने ॲरिस्टॉटलचे मत खोडून काढले आणि रक्त वृषणाकडे जाणाऱ्या वेटोळ्या वाहिन्यांमध्ये पक्व होऊन त्याचे वीर्य बनते, असे प्रतिपादन केले. शरीराला पुरुषी बळ पुरवणारे स्थान म्हणूनही तो वृषणाकडे पाहत होता. म्हणजे दोन कामांची चाहूल त्याला होती, फक्त ती वेगळी मोजण्याचे साधन नव्हते. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये शुक्र हा सातवा धातू सर्व देह व्यापून असतो आणि वृषण हे शुक्रवह स्रोतसांचे एक मूळ आहे, अशी मांडणी आढळते. तिच्यातही अवयव आणि सर्वदेहव्यापी प्रभाव यांचा संबंध लावण्याचा प्रयत्न दिसतो.

पुढच्या अनेक शतकांत रचनेची माहिती फारशी वाढली नाही. ग्रंथातला अधिकार किती प्रभावी असतो, हे लिओनार्दो द विंचीच्या एका प्रसिद्ध चित्रात दिसते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या या चित्रात शिश्नात दोन मार्ग दाखवले असून त्यांतला एक थेट मेरुरज्जूपासून येतो. असा मार्ग अस्तित्वातच नाही. तो जुन्या सिद्धांतातून चित्रात उतरला होता. त्याच लिओनार्दोने पुढे शवे पाहून शिश्नाची ताठरता वाऱ्याने नव्हे, तर रक्त भरल्याने येते, असे नोंदवले. सोळाव्या शतकात व्हेसेलियस आणि त्याच्या समकालीनांनी प्रत्यक्ष विच्छेदनावर भर दिला आणि मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वैद्यकीय लेखनात आणि चित्रांत दिसू लागली.

खरी उडी १६६८ मध्ये पडली. नेदरलँड्समधील रेनिए द ग्राफ या तरुण वैद्याने पुरुषाच्या जननेंद्रियांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि वृषण हे मांसल गोळा नसून अतिसूक्ष्म नलिकांचे गुंतवळे आहे, हे दाखवून दिले. यासाठी त्याने डॉर्माउस या छोट्या कृंतक प्राण्याचे वृषण वापरले, कारण त्यातील नलिका सहज सुट्या होतात. आज आपल्याला ठाऊक असलेली रचना त्याच धाग्याने पुढे जाते. चार ते पाच सेंटिमीटर लांबीच्या मानवी वृषणात पातळ पडद्यांनी वेगळे केलेले शेकडो कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात शुक्रजनन नलिकांची वेटोळी असतात आणि या नलिका सरळ केल्या तर त्यांची एकूण लांबी काहीशे मीटर भरते. त्या एकत्र येऊन अधिवृषणात उतरतात. अधिवृषण ही सुमारे सहा मीटर लांबीची एकच दुमडलेली नलिका असते, आणि शुक्रजंतूंना पोहण्याची क्षमता तिच्यातून जाताना मिळते. तिथून शुक्रवाहिनी जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाच्या मागे रेताशयाच्या नलिकेला मिळते आणि प्रोस्टेटमधून जाऊन मूत्रमार्गात उघडते. वीर्याचा बहुतांश द्रव रेताशय आणि प्रोस्टेट यांचा असतो. वृषणातून आलेला भाग शेकडा पाचच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणूनच नसबंदीनंतर वीर्याच्या प्रमाणात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

द ग्राफ डेल्फ्ट शहरात राहत होता आणि त्याच शहरातील कापडाचा व्यापारी आणि स्वतः सूक्ष्मदर्शके बनवणारा लेव्हेनहूक याची लंडनच्या रॉयल सोसायटीला ओळख करून देणारे पत्र त्यानेच १६७३ मध्ये लिहिले. त्याच वर्षी द ग्राफचा मृत्यू झाला, त्यामुळे पुढचा शोध त्याला पाहता आला नाही. १६७७ मध्ये योहान हाम नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने परम्याच्या रुग्णाचा स्राव लेव्हेनहूककडे आणला. त्यात शेपटीचे हलणारे जीव दिसत होते आणि ते रोगामुळे झाले असावेत, असा हामचा तर्क होता. लेव्हेनहूकने निरोगी माणसाचे, म्हणजे स्वतःचे, वीर्य तपासले. त्यातही तेच जीव होते. नमुना पापाचरणातून नव्हे, तर वैवाहिक संबंधातून मिळालेला आहे, असा खुलासा त्याने रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात केला आणि मजकूर अशोभनीय वाटल्यास तो प्रसिद्ध न करण्याची मुभाही दिली.

पाहणे आणि समजणे यांतले अंतर किती मोठे असते, हे पुढच्या दोनशे वर्षांनी दाखवले. शुक्रजंतूमध्ये भावी जीव आधीच घडलेला असतो, असे एक मत पुढे आले. हार्टसुकरने १६९४ मध्ये शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे दुमडून बसलेला इवला माणूस रेखाटला. हे चित्र त्याने पाहिलेल्या दृश्याचे म्हणून आजही सर्रास छापले जाते. वास्तविक असे काही दिसू शकेल, एवढेच त्याचे म्हणणे होते. दुसरीकडे अनेक अभ्यासक शुक्रजंतूंना वीर्यात राहणारे परजीवी समजत होते आणि हा समज एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. सर्वांत चटका लावणारी गोष्ट इटालियन निसर्गअभ्यासक स्पॅलान्झानीची आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने बेडकाचे वीर्य कागदातून गाळले. गाळून आलेल्या द्रवाने अंडी फळली नाहीत, कागदावर उरलेल्या भागाने मात्र फळली. उत्तर समोर होते, तरी फलन करणारा घटक द्रवच आहे, या आधीच्या मतापासून तो हलला नाही. प्रेव्हो आणि द्यूमा यांनी १८२४ मध्ये गाळण्याचे प्रयोग पुन्हा करून फलनासाठी शुक्रजंतू आवश्यक असल्याचे सांगितले. कोलिकरने १८४१ मध्ये शुक्रजंतू हे वृषणातील पेशींपासूनच तयार होतात, असे दाखवून परजीवींची कल्पना मोडीत काढली, आणि १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने समुद्री अर्चिनच्या अंड्यात शुक्रजंतूचे आणि अंड्याचे केंद्रक एकत्र येताना पाहिले. वृषणाच्या पहिल्या कामाचा उलगडा इथे झाला.

दुसऱ्या कामाचा पुरावा तोवर मिळालाही होता, पण त्याची दखल कोणी घेतली नव्हती. गॉटिंगेन येथील आर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी १८४९ मध्ये सहा तरुण कोंबड्यांवर प्रयोग केला. वृषणे काढलेल्या कोंबड्यांचे तुरे खुरटले आणि आरवणेही बदलले. ज्यांच्या पोटात वृषण परत ठेवले, ते मात्र नेहमीच्या कोंबड्यांसारखेच वाढले. पुढे तपासले असता पोटातल्या वृषणाला नवीन रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, पण मूळचा मज्जातंतूंचा संबंध उरला नव्हता. तेव्हा वृषणाचा प्रभाव रक्तामार्फत सर्व शरीरावर होतो, हा निष्कर्ष अटळ होता. ॲरिस्टॉटलच्या कंठाच्या प्रश्नाचे हे खरे उत्तर होते. पुढच्याच वर्षी फ्रांट्स लायडिग यांनी शुक्रजनन नलिकांच्या मधल्या जागेतील पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले, तर १८६५ मध्ये एनरिको सेर्तोली यांनी नलिकांच्या आतील आधारपेशी दाखवल्या. या तीन शोधांची सांगड घालायला मात्र अर्धे शतक जावे लागले.

मधल्या काळात एक फसवे वळण आले. पॅरिसमधील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्राउन-सेकार यांनी १८८९ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, कुत्र्यांच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि शक्ती परत आल्याचे जाहीर केले. वृषणातील संप्रेरक पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्या पाणीदार अर्कात ते परिणामकारक प्रमाणात असणे शक्य नव्हते. जाणवलेला फरक बहुधा अपेक्षेचा होता. या प्रसंगाने अंतःस्रावी ग्रंथींबद्दल कुतूहल वाढवले, हे खरे, पण यौवन विकत देणाऱ्या औषधांचा आणि पुढे माकडाच्या ग्रंथींचे तुकडे कलम करण्याचा बाजारही त्यातूनच उभा राहिला.

निर्णायक पुरावा बुवँ आणि आन्सेल या फ्रेंच संशोधकांनी १९०३ मध्ये मांडला. पोटातच राहिलेल्या, खाली न उतरलेल्या वृषणांमध्ये शुक्रजंतू बनत नाहीत, पण लायडिग पेशी शाबूत असतात आणि असे प्राणी दिसायला आणि वागायला पूर्ण नर असतात. म्हणजे नलिकांचे काम थांबले, तरी मधल्या पेशींचे चालू राहते. पोटात नलिका का बिघडतात, याचे उत्तर शिकागोच्या कार्ल मूर यांनी १९२० च्या दशकात दिले. शुक्रजनन शरीराच्या आतील तापमानात नीट होत नाही आणि वृषणकोश वृषणांना दोन-तीन अंशांनी थंड ठेवतो. तुलनेने नाजूक अवयव शरीराबाहेर टांगलेला का असतो, या जुन्या कोड्याचे हे निदान एक समाधानकारक उत्तर आहे.

त्यानंतर रसायनशास्त्राने वेग घेतला. खच्ची कोंबड्याचा तुरा किती वाढतो, यावरून अर्काची ताकद मोजली जाऊ लागली. बर्टहोल्ड यांचे कोंबडे असे प्रयोगशाळेत परत आले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ब्युटेनांट यांनी १९३१ मध्ये हजारो लिटर मूत्रातून अँड्रोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे काही मिलिग्रॅम वेगळे केले. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅममधील लाकर यांच्या गटाने बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे वृषणाचे मुख्य संप्रेरक, मिळवले आणि त्याच वर्षी ब्युटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कृत्रिमरीत्या तयार केले. या दोघांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ताठरतेचा अभ्यास काहीसा स्वतंत्र वाटेने चालला. एकहार्ड यांनी १८६३ मध्ये कुत्र्याच्या ओटीपोटातील मज्जातंतू उद्दीपित करून ती घडवून आणली होती. तरी माणसात हे मज्जातंतू प्रोस्टेटच्या नेमके कोणत्या बाजूने जातात, हे शल्यचिकित्सकांना १९८० च्या दशकापर्यंत नीट माहीत नव्हते आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर नपुंसकत्व हा जवळपास ठरलेला परिणाम मानला जाई. पॅट्रिक वॉल्श आणि पीटर डोंकर यांनी हे तंतू ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात, हे दाखवले आणि १९८२ पासून ते वाचवून शस्त्रक्रिया होऊ लागली. त्या तंतूंच्या टोकांशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड स्नायू शिथिल करतो आणि रक्त आत भरते, ही यंत्रणा १९९० च्या दशकात स्पष्ट झाली.

वृषणाची दोन कामे अशी वेगळी झाली, तरी ती एकमेकांपासून तुटलेली नाहीत, हेही विसाव्या शतकातच कळले. मूर आणि डोरोथी प्राइस यांनी १९३२ च्या सुमारास दाखवले की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी वृषणाला चालना देते आणि वृषणाचे संप्रेरक उलट पियुषिकेला आवर घालते. मेंदूच्या अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) या भागातून पियुषिकेला आदेश देणाऱ्या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली. या संशोधनासाठी शॅली आणि गियमँ यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पियुषिकेचे एक संप्रेरक लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावते, दुसरे सेर्तोली पेशींवर काम करते, आणि सुमारे अडीच महिने चालणाऱ्या शुक्रजननासाठी वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असावे लागते.

त्यामुळे बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यास रक्तातील पातळी वाढते, पियुषिका गप्प होते, वृषणाच्या आतले उत्पादन घसरते आणि शुक्रजंतू बनणे मंदावते किंवा थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने याच तत्त्वावर पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधकाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाले: दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट टोचून घेणाऱ्या पुरुषांपैकी बहुसंख्यांच्या वीर्यातून शुक्रजंतू पूर्णपणे नाहीसे झाले. पिळदार शरीरासाठी हीच इंजेक्शने वैद्यकीय सल्ल्याविना घेणारे तरुण आज वंध्यत्वाच्या तक्रारीने डॉक्टरांकडे येतात. औषध बंद केल्यावर शुक्रजंतूंची संख्या बहुतेकांमध्ये पूर्ववत होते, पण त्याला अनेक महिने लागतात आणि काहींच्या बाबतीत एक वर्षाहूनही अधिक काळ जातो.