अपस्ट्रीमने न घेतलेले पॅच : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रोग्रामरने एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत दडवलेलं बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, उघड केलं. एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे शिरण्याची व्यवस्था) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या प्रश्नापासून तो तिथवर पोचला होता. नंतरची बरीचशी चर्चा झाली ती थकलेल्या मेंटेनरचा (प्रकल्प सांभाळणाऱ्याचा) विश्वास कमावून प्रकल्पात शिरलेल्या त्या अज्ञात माणसाची. त्यात एक तपशील मागे पडला. ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरचा मूळ कोड एक्सझेडला हातही लावत नाही. डेबियन आणि फेडोरा या डिस्ट्रोंच्या (लिनक्सवरचं सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्या वितरणांच्या) एसएसएच सर्व्हरमध्ये ती लायब्ररी शिरली, ती डिस्ट्रोंनी स्वतः चढवलेल्या पॅचच्या, म्हणजे मूळ कोडवरच्या बदलाच्या, वाटेने.

पॅच अगदी लहान होता. सर्व्हर सुरू झाला की त्याने सिस्टमडीला (सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) ‘मी तयार आहे’ असं कळवायचं, इतकंच. पण त्यासाठी लिबसिस्टमडी ही सिस्टमडीची लायब्ररी जोडली गेली, आणि लिबसिस्टमडीला जर्नलच्या (नोंदवहीच्या) कॉम्प्रेशनसाठी एक्सझेडची लायब्ररी लागत होती. आर्च या डिस्ट्रोने एक्सझेडची तीच बाधित आवृत्ती दिली होती, पण तिथल्या एसएसएचला हा पॅच नसल्यामुळे ही वाट बंदच राहिली. अपस्ट्रीमने, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ प्रकल्पाने, न घेतलेली सोय डिस्ट्रोने आपल्या जबाबदारीवर द्यावी का, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा वर आला. प्रश्न मात्र डिस्ट्रोंइतकाच जुना आहे.

स्लॅकवेअर आणि डेबियन दोन्ही १९९३ सालचे, पण स्वभाव वेगळे. स्लॅकवेअरचा कल सॉफ्टवेअर लेखकाकडून आलं तसंच देण्याकडे. डेबियनचा कल सगळी पॅकेजेस एकमेकांशी जुळवून घेण्याकडे, आणि त्यासाठी लागेल ते बदलण्याकडे. फाइलींच्या जागा बदलणं, बिल्ड दुरुस्त करणं, सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीत आणणं, यावर कोणी भांडत नाही. भांडण नव्या सोयींवरून होतं.

त्यातलं गाजलेलं पहिलं प्रकरण २००० सालचं. रेड हॅट लिनक्स ७ मध्ये जीसीसी २.९६ नावाचा कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) होता. गंमत अशी, की जीसीसीने २.९६ ही आवृत्ती कधी काढलीच नव्हती. रेड हॅटने विकासाधीन कोड उचलून त्याला हा आकडा दिला होता. जीसीसीच्या सुकाणू समितीला ‘अशी आमची आवृत्ती नाही’ असं जाहीर निवेदन काढावं लागलं. या कंपायलरने बांधलेला सी++ कोड २.९५ शी जुळेना, पुढे आलेल्या ३.० शीही जुळेना. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बांधण्यासाठी रेड हॅटने केजीसीसी नावाने जुना कंपायलर सोबत दिला होता, यातच काय ते आलं. रेड हॅटची बाजूही अगदीच पोकळ नव्हती: २.९५ काही प्रोसेसरांवर कमी पडत होता आणि ३.० कधी येईल ते ठरलेलं नव्हतं.

कर्नलचीही तीच गत होती. २.४ जानेवारी २००१ मध्ये आलं, २.६ थेट डिसेंबर २००३ मध्ये. मधली तीन वर्षं ग्राहक थांबणार नव्हते, म्हणून कंपन्या २.५ या विकास-शाखेतली कामं उचलून २.४ वर चढवत राहिल्या. २००३ च्या रेड हॅट लिनक्स ९ मध्ये एनपीटीएल ही नवी थ्रेड-व्यवस्था (एका प्रोग्राममधली कामं समांतर चालवणारी) २.४ कर्नलवरच आली. प्रत्येक कंपनीचं ‘२.४’ वेगळं होऊन बसलं. २००४ मध्ये ओटावाच्या कर्नल परिषदेनंतर विकासाची पद्धतच बदलली. २.७ ची वेगळी शाखा निघाली नाही, दर दोन-तीन महिन्यांनी नवं कर्नल येऊ लागलं. ‘आधी अपस्ट्रीम’ हा मंत्र कंपन्या तेव्हापासून जपू लागल्या. त्यामागे तत्त्वनिष्ठा थोडी आणि शेकडो पॅच दर आवृत्तीला नव्याने बसवण्याचा कंटाळा जास्त, असं मला वाटतं.

तरीही काही पॅच डिस्ट्रोंच्या आधारानेच जगले, हे मान्य करायला हवं. लाइव्ह सीडीसाठी (इन्स्टॉल न करता सीडीवरूनच चालणाऱ्या लिनक्ससाठी) एकावर एक फाइलसिस्टम रचायची सोय हवी होती. ऑएफएसने ती दिली, डेबियन-उबुंटूने ती वाहिली, आणि सुरुवातीचा डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, चालवणारं साधन) उबुंटूवर तिच्याच जिवावर चालला. ऑएफएस मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ कर्नलमध्ये, कधीच गेलं नाही. तशीच सोय देणारं ओव्हरलेएफएस गेलं, डिसेंबर २०१४ च्या ३.१८ मध्ये, पण तेही त्याआधी उबुंटूच्या कर्नलमध्ये वापरून झालं होतं. अ‍ॅपआर्मर (प्रोग्रामांवर मर्यादा घालणारी सुरक्षा-व्यवस्था) आधी सूसेने आणि मग उबुंटूने ७.१० पासून वागवलं. फाइलच्या पाथवर सुरक्षा बेतण्याला कर्नलमधल्या अनेकांचा आक्षेप होता, त्यामुळे मेनलाइनचं दार २.६.३६ मध्ये, म्हणजे २०१० साली उघडलं. ठरल्या वेळेत प्रतिसाद देण्यासाठीच्या रिअलटाइम पॅचने तर जवळजवळ वीस वर्षं बाहेर काढली आणि २०२४ च्या ६.१२ मध्ये तो पूर्ण आत आला.

आत गेल्यावरही सगळं मिटत नाही. अ‍ॅपआर्मरचा गाभा मेनलाइनमध्ये गेल्यानंतरही त्याचे काही भाग उबुंटू वर्षानुवर्षं आपल्याच कर्नलमध्ये वाहत राहिलं. पुढे स्नॅपची (उबुंटूच्या पॅकेज-पद्धतीची) कुंपणं त्याच भागांवर बेतली. परिणामी तेच स्नॅप उबुंटूवर पूर्ण कोंडलेलं आणि इतर अनेक डिस्ट्रोंवर अर्धवट. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

माझ्या मते वादाचा खरा गाभा इथे आहे. पाहुणा म्हणून आलेला पॅच घरजावई झाला, की त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही. अपस्ट्रीमचे लोक आपला कोड वाचतात, डिस्ट्रोचा मेंटेनर पॅच पुढच्या आवृत्तीवर बसतो का ते बघतो. दोन्ही मिळून जो कोड प्रत्यक्ष चालतो, तो पूर्ण वाचणारं कोणी उरत नाही. डेबियनच्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीत २००६ साली कसलीही नवी सोय आली नव्हती. तपासणीच्या साधनाने दिलेली सूचना बंद करायला दोन ओळी काढल्या गेल्या. तेवढ्याने गुप्त किल्ल्यांमागची यादृच्छिकता केवळ प्रोसेस क्रमांकावर येऊन ठेपली, म्हणजे फार तर ३२,७६८ शक्यता. हे लक्षात आलं मे २००८ मध्ये.

ओव्हरलेएफएसचं उदाहरण याहून बोलकं आहे. कंटेनर वापरणाऱ्यांसाठी उबुंटूने सामान्य वापरकर्त्यालाही नेमस्पेसच्या (कर्नलने आखलेल्या वेगळ्या कप्प्याच्या) आत ते माउंट करू, म्हणजे जोडू, दिलं. मेनलाइनने ही मुभा २०२१ च्या ५.११ मध्ये दिली, तीही आधी फाइल कॅपेबिलिटीची (फाइलला दिलेल्या खास अधिकारांची) तपासणी योग्य जागी हलवून. उबुंटूमध्ये मुभा होती, तपासणी नव्हती, म्हणून साधा वापरकर्ता रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होऊ शकत होता. ती चूक २०२१ मध्ये दुरुस्त झाली. २०२३ मध्ये विझ या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना त्याच मॉड्यूलमध्ये आणखी दोन छिद्रं सापडली. मूळ होतं उबुंटूने २०१८ मध्ये केलेल्या बदलांत. केले तेव्हा ते निरुपद्रवी होते, पण भोवतीचा मूळ कोड बदलत गेला आणि अपस्ट्रीमची दुरुस्ती उबुंटूच्या वेगळ्या वाटेपर्यंत पोचली नाही.

एक्सझेडनंतर ओपनएसएसएचने काय केलं? जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीत सिस्टमडीला कळवायची सोय स्वतःच घातली, लिबसिस्टमडीशिवाय. एका सॉकेटवर छोटा संदेश पाठवण्यापलीकडे त्यात काही नव्हतंच. डिस्ट्रोंचा पॅच त्यामुळे निकामी झाला. डेबियनने आपल्या एसएसएचमधला दुसरा मोठा पाहुणाही हलवायला घेतला: कर्बरॉस (ओळख पटवण्याची केंद्रीय व्यवस्था) वापरणाऱ्या संस्थांसाठीचा जीएसएस-एपीआय की-एक्स्चेंज पॅच. अपस्ट्रीमने तो कधी घेतला नाही, पण डेबियनच्या प्रत्येक सर्व्हरवर तो जात राहिला, कर्बरॉस असो वा नसो. ज्यांना लागतो त्यांच्यासाठी वेगळं पॅकेज, बाकीच्यांना त्याविना एसएसएच, अशी योजना २०२४ मध्ये मांडली गेली. २००० च्या दशकात डेबियनमध्ये ‘एसएसएच-केआरबी५’ नावाचं वेगळं पॅकेज होतंच. दोन-दोन पॅकेजं सांभाळायला नकोत म्हणून ते मुख्य पॅकेजात विलीन केलं होतं.