टूडी गेममधला रेट्रो लुक आला कुठून?

टूडी गेम ‘रेट्रो’ दिसायला हवा म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते धारदार कडांचे, एकेक मोजता येतील असे चौकोन, म्हणजे पिक्सेल. पण १९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ खेळणाऱ्यांना हे चौकोन असे दिसतच नव्हते. जुन्या मशीनच्या मर्यादा आणि जुन्या टीव्हीचा धूसरपणा या दोन गोष्टींनी मिळून ते रूप घडवलं होतं. आजच्या रेट्रो गेमांनी त्यातली पहिली उचलली आणि दुसरी बहुतेक वेळा सोडून दिली.

आधी मशीन. निन्टेन्डोचा फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, १९८३ साली जपानमध्ये आला. त्याचं चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं आणि कामाची मेमरी फक्त २ केबी. एवढ्यात अख्खा पडदा साठवणं शक्यच नव्हतं, म्हणून पार्श्वभूमी ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांनी, म्हणजे टाइल जोडून तयार व्हायची. तीच टाइल पुन्हा पुन्हा वापरायची. मारिओतले ढग आणि झुडपं म्हणजे एकच चित्र, फक्त रंग वेगळे. हलणाऱ्या आकृतीला, म्हणजे स्प्राइटला, एका वेळी तीनच रंग. चौथी जागा पारदर्शक. शिवाय एका आडव्या ओळीत आठच स्प्राइट दिसू शकत. नववा आला की तो गायब! मग प्रोग्रामर दर फ्रेमला स्प्राइटचा क्रम बदलत, म्हणजे कायमचं कुणी नाहीसं न होता सगळे आळीपाळीने लुकलुकत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात फॅमिकॉमच्या नकला टीव्हीला जोडून, ‘कॅसेट’ खुपसून ‘कॉन्ट्रा’ खेळलेल्यांना गोळ्यांच्या गर्दीतली ही लुकलुक आठवत असेल.

पात्रांचा चेहरामोहराही अशाच तंगीतून ठरला. १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या आर्केड गेममधला मारिओ जेमतेम १६ पिक्सेल उंच. केस रेखाटायला जागा नाही म्हणून निन्टेन्डोचे डिझायनर शिगेरु मियामोतो यांनी त्याला टोपी दिली, नाक उठून दिसावं म्हणून मिशी, आणि हात अंगापासून वेगळे कळावेत म्हणून डंगरी.

आता टीव्ही, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. पिक्चर ट्यूबमध्ये पिक्सेल नावाची चौकट नसते. इलेक्ट्रॉनचा झोत ओळीमागून ओळ काढत जातो, प्रकाश थोडा पसरतो आणि ओळींच्या मध्ये बारीक काळी फट राहते. फॅमिकॉमचे २५६ स्तंभ ४:३ च्या पडद्यावर ताणले जात, त्यामुळे एकेक पिक्सेल चौरस नव्हताच, किंचित आडवा होता. वर साध्या व्हिडिओ वायरमधून रंग आणि उजेड एकत्र यायचे, त्यामुळे शेजारचे रंग एकमेकांत मिसळायचे. चित्रकारांनी त्याचाही उपयोग करून घेतला. सेगाच्या १९९१ च्या ‘सॉनिक’मधला धबधबा एकाआड एक उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे. टीव्हीवर त्या पट्ट्या एकजीव होऊन पाणी आरपार दिसायचं. आजच्या सपाट स्क्रीनवर तोच धबधबा गजांच्या खिडकीसारखा दिसतो.

ते चौकोन पहिल्यांदा नीट दिसले कॉम्प्युटरवर. १९९७ साली ‘नेस्टिकल’ हा एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, आला आणि जुने गेम मॉनिटरवर धारदार दिसू लागले. सुरुवातीला अनेकांना ते खटकलंच. कडा गुळगुळीत करणारे ‘टूएक्ससाय’सारखे फिल्टर त्यातूनच निघाले. पुढे तीच धार लोकांना आवडू लागली. तोवर प्लेस्टेशनने मोठ्या कंपन्यांना थ्रीडीकडे ओढलं होतं, आणि पिक्सेल उरले हातातल्या कन्सोलांवर आणि एकट्यादुकट्या निर्मात्यांकडे. दाइसुके अमाया यांनी एकट्याने पाच वर्षं खपून २००४ साली ‘केव्ह स्टोरी’ फुकट दिला.

२००८ साली कॅपकॉमने ‘मेगा मॅन ९’ मुद्दाम फॅमिकॉमच्या थाटात काढला. त्यात जुनी लुकलुक आणि संथपणा परत आणण्याचा पर्यायही होता, म्हणजे ज्या दोषावर पूर्वी उपाय शोधले तोच आता सेटिंगमध्ये! २०१४ च्या ‘शॉवेल नाइट’ने उलटा मार्ग धरला: पडदा रुंद केला, रंगांत थोडी भर घातली, लुकलुक काढून टाकली. बालपणी खेळलेला गेम आठवतो तसा दाखवायचा, होता तसा नाही. मला हा निर्णय जास्त शहाणपणाचा वाटतो.

आजच्या गेम इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये, मात्र हा लुक आपोआप येत नाही. ग्राफिक्स कार्ड चित्र मोठं करताना शेजारचे रंग मिसळून ते मऊ करतं. ते बंद करून रंग न मिसळता सर्वांत जवळचा पिक्सेल तसाच घेणारी ‘निअरेस्ट’ पद्धत निवडावी लागते. युनिटी या इंजिनात तिलाच ‘पॉइंट’ म्हणतात. स्प्राइट तिरका फिरवला किंवा दीडपट केला की ठिपक्यांचे आकार कमीजास्त होतात आणि सोंग उघडं पडतं. म्हणून सगळा खेळ आधी छोट्या कॅनव्हासवर काढतात आणि मग पूर्ण पटीत वाढवतात. २०१८ च्या ‘सेलेस्ट’चा कॅनव्हास ३२० बाय १८० चा: चौपट केला की ७२०पी, सहापट केला की १०८०पी, बारापट केला की फोरके. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर मात्र हे गणित बसत नाही. तिथे चौपटीवर थांबून चारी बाजूंना काळी किनार सोडायची, नाहीतर काही पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा जाड झालेले चालवून घ्यायचे.