'गॅम्बिट' बघायचाय, पण कुठला?

'गॅम्बिट' हा सिनेमा बघ, असं कोणी सुचवलं तर आधी साल विचारून घ्या. 1966 चा मायकेल केन-शर्ली मॅक्लेनचा, की 2012 चा कॉलिन फर्थ-कॅमेरॉन डियाझचा? दोन्हींत हॅरी नावाचा इंग्रज भामटा, शाहबंदर नावाचा गडगंज कलासंग्राहक आणि हॅरीच्या बेतात काही केल्या न बसणारी नायिका. नव्याला जुन्याचा रीमेक म्हणतात, पण माल आणि डाव दोन्ही वेगळे आहेत.

जुन्यात एका चिनी सम्राज्ञीचा प्राचीन अर्धपुतळा लांबवायचाय. हाँगकाँगची नर्तकी निकोल हुबेहूब त्या पुतळ्यासारखी, शिवाय शाहबंदरच्या दिवंगत बायकोसारखीही. सुरुवातीला बराच वेळ सगळं बिनबोभाट पार पडतं. निकोल चकार शब्द काढत नाही, शाहबंदर भुलतो, पुतळा हाती येतो. मग कळतं, हे तर हॅरीचे मनचे मांडे! प्रत्यक्षात निकोलच्या तोंडाला खीळ नाही आणि शाहबंदर (हर्बर्ट लोम) चांगलाच पोचलेला.

शेवट खुशाल सांगा, सुरुवात तेवढी सांगू नका, अशी तेव्हाची जाहिरात होती. सुरुवात फोडलीच आहे, तर शेवटही ऐका. हॅरीला पुतळा न्यायचाच नसतो. तो शाहबंदरच्याच घरात दडवायचा, चोरीची बोंब होऊ द्यायची आणि साथीदार एमिलने घडवलेली नक्कल अस्सल म्हणून खपवायची. चोरीचा माल घेणारा फसला तरी तक्रार कुठे करणार? निकोलपायी हॅरी ती नक्कल फोडतो. दोघं गेल्यावर एमिल कपाट उघडतो, तर आत आणखी तीन!

म्हणजे जुन्यात बनावट माल शेवटपर्यंत झाकलेला. नव्यात तो सुरुवातीपासूनच उघड्यावर. शाहबंदरला गंडवायला हॅरीचा साथीदार मेजर विंगेट फ्रेंच चित्रकार मोनेच्या गवताच्या गंजीचं बनावट चित्र काढतो. त्याहून मजेदार आहे ती चित्राची बनावट कुळकथा: दुसऱ्या महायुद्धात नाझी नेता गोरिंगच्या घरातून ते एका अमेरिकन सैनिकाने उचललं आणि आता टेक्सासमध्ये त्याच्या रोडिओवाल्या (काउबॉयांच्या घोडे-बैलांच्या खेळातल्या) नातीकडे आहे. चित्रबाजारात रंगांइतकंच हे 'आधी कुठे होतं' महत्त्वाचं. पटकथा नावाजलेल्या अमेरिकन दिग्दर्शक कोएन बंधूंची, त्यामुळे इथे अपेक्षा वाढतात. पण पुढे सिनेमा ही कथा सोडून कॉलिन फर्थला लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात विनापँटचा फिरवत बसतो. अ‍ॅलन रिकमनचा उर्मट शाहबंदर मात्र झकास.

एकच बघणार असाल तर जुना बघा. नवा रिकमनसाठी, तोही सवडीने.